कोरडी फरशी

सोनागिरी, भोपाळ
२१ एप्रिल २०२४

प्रिय अश्विनी,

फोनवर तू आम्हा तिघांनाही बंद केलं आहेस. ते ठीकच आहे. म्हणून इंदूरच्या तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर लिहिते. पत्र फाडायच्या आधी एवढं वाच: हे माझ्या मुलाची, वरुणची बाजू मांडायला लिहिलेलं नाही, घटस्फोटाची केस मागे घे म्हणून नाही आणि तू परत यावंस म्हणूनही नाही. तुझ्या झाडाबद्दल आहे.

जानेवारीत तू दोन बॅगा घेऊन गेलीस तेव्हा ते जिन्यातल्या खिडकीतच राहिलं. तुझा हात प्लॅस्टरमध्ये होता, तुला उचलता आलं नसणार. लग्न होऊन आलीस तेव्हा केरळमधून आणलेलं हे झाड तू मांडीवर घेऊन आली होतीस, ते मला आठवतं. मी तेव्हा म्हणाले होते, सून रुखवतात सुरणाचा गड्डा घेऊन आली. तू हसली होतीस आणि मला सांगितलं होतंस की हे जंगलात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं आणि ह्याच्या फुगलेल्या खोडात मुंग्या राहतात. मी म्हटलं, मुंग्यांना घर द्यायला हे घर काय कमी आहे?

तर ते आता मरतंय. इथे पारा एकेचाळीसवर गेला आहे. पानं पिवळी पडून दिवसाला दोन-तीन गळतात. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढून बिट्टन मार्केटच्या हाटात जो रोपवाला बसतो त्याला दाखवला. तो म्हणाला, "आंटी, बेचारे को मिट्टी तो दो! नारियल के छिलके में कौन जिएगा?" म्हणून मी ते नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांतून काढून मोठ्या कुंडीत लावलं. काळी माती, शेणखत, सगळं घातलं. रोज तांब्याभर पाणी. त्यानंतर जास्तच बिघडलं. एका बाजूला गड्डा मऊ लागतो आणि वास येतो.

तू घसरून पडलीस त्या दिवसापासून ह्या घरात त्या झाडाचं नाव कोणी काढत नाही. वरुण ते फेकून दे म्हणतो. मी फेकणार नाही. बत्तीस वर्षं सरकारी दप्तरात नोकरी केली, दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असली की तिची जबाबदारी काय असते ते मला कळतं.

काय करायचं ते कळव. नाही कळवलंस तरी मी माझ्या परीनं करत राहीन.

'आई' असं लिहायचा मला हक्क उरलाय की नाही ते माहीत नाही, म्हणून नाव लिहिते.

विजया


सोनागिरी, भोपाळ
१९ मे २०२४

प्रिय अश्विनी,

तुझं कार्ड मिळालं. वर ना मायना, खाली ना सही. पण अक्षर तुझंच. सात ओळी आहेत आणि मला पाठ झाल्या आहेत.

माती ताबडतोब काढा. कुजलेला भाग स्वच्छ सुरीनं कापा, निरोगी भाग दिसेपर्यंत. दोन दिवस सावलीत सुकू द्या. परत नारळाच्या सोडणात बसवा, नळाचं पाणी नको, फिल्टरचं द्या. ऊन थेट नको, उजेड हवा. मुंग्या आल्या तर मारू नका.

आणि सातवी ओळ.

कार्ड दुपारी आलं, मी कुंडी तेव्हाच रिकामी केली. तुझे सासरे वर्तमानपत्र पसरून बसले. मी सुरी टेकवायची आणि परत उचलायची, तर म्हणाले, "भाजी चिरतेस तशी चीर ना, विजया." मी म्हटलं, "भाजी मेलेली असते." पाव गड्डा तरी कापून टाकावा लागला. काळा, चिकट भाग संपला आणि आत घट्ट, पांढरट भाग लागला तेव्हा मी थांबले.

आत खोल्या होत्या, अश्विनी! तू सांगायचीस तेव्हा मला वाटायचं मुंग्या पोखरून करत असतील. पण इतक्या वर्षांत ह्याच्यात एक मुंगी गेलेली मी पाहिली नाही, तरी आत बोगदे, वळणं, एकातून दुसरीत जाणाऱ्या पोकळ्या. काहींच्या भिंती गुळगुळीत, काहींना पुरळासारखे दाणे. तुझे सासरे चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "कोणी येईल न येईल ह्याची वाट न बघता बांधून ठेवलंय." कारखान्यातला माणूस, त्यांना बांधकामाचंच कौतुक.

आता ते परत सोडणात आहे. खिडकीत दुपारचं ऊन येतं म्हणून मी आतल्या बाजूला स्टूल ठेवलं आहे. खाली परातीत खडी आणि पाणी, म्हणजे हवा जरा ओलसर राहते. कूलर चालू असतो, पण त्याचा झोत लागणार नाही अशा बेतानं ठेवलं आहे. चार पानं उरली आहेत. रोज सकाळी बोटानं दाबून बघते. कडक आहे.

सातव्या ओळीबद्दल मी आज लिहीत नाही. 'मी घसरले नव्हते' एवढीच ओळ आहे. वाचली. पुन्हा वाचली. ती वाचली नाही असं मी कधी म्हणणार नाही.

विजया


सोनागिरी, भोपाळ
४ ऑगस्ट २०२४

प्रिय अश्विनी,

अकरा पानं. जाड, चकचकीत, नवी. पावसाळी हवा त्याला मानवलेली दिसते. कापलेल्या जागेवर खाकी साल धरली आहे. गेल्या आठवड्यात देठाजवळ तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं आली. सकाळी उमलतात, कोणाच्या नजरेला पडू नयेत अशीच असतात.

आणि मुंग्या आल्या. बारीक, काळ्या. खिडकीच्या फटीतून रांग लागली आणि गड्ड्याच्या बुडाशी जी भोकं आहेत त्यातून आत गेली. मी पहिल्यांदा सवयीनं मुंग्यांचा खडू आणायला गेले, डबा उघडला आणि तुझं कार्ड आठवलं. परत ठेवून दिला. दोन दिवसांनी त्या पांढरी अंडी तोंडात धरून आत नेत होत्या. मी जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिले, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही.

आता जे घडलं ते सांगते. मंगळवारी वरुण कामावरून आला. करोंदच्या मंडीत त्याचं बियाण्यांचं काम, तिथून तो तापूनच येतो. जिन्यात त्याच्या मानेवर मुंगी चढली. तो वर गेला, फवारा घेऊन खाली आला आणि म्हणाला, "आज ह्या बटाट्याचा निकाल लावतो."

मी झाडापुढे उभी राहिले.

"हट, आई."

"नाही हटणार."

"अगं, ती गेली! तिच्या कचऱ्याला काय कवटाळून बसलीयस?"

"फवारा खाली ठेव, वरुण."

त्यानं हात उचलला. माझ्यावर नव्हे, स्टूल ढकलायला. पण तो हात मी ओळखला. खांद्यापासून तसाच सुटला. मी जागची हलले नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फवारा पायरीवर आपटला आणि वर निघून गेला.

एका झाडासाठी मी मधे उभी राहू शकले. बासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. म्हणजे मला मधे उभं राहता येतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही.

आणखी एक. वरुणच्या वकिलांनी साक्षीदारांच्या यादीत माझं नाव घातलं आहे. वरुण म्हणतो, "तुला काही नवीन सांगायचं नाहीये. दोन्ही घरच्यांच्या बैठकीत जे बोललीस तेच."

मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

विजया


सोनागिरी, भोपाळ
८ डिसेंबर २०२४

प्रिय अश्विनी,

तुझं दुसरं कार्ड ऑक्टोबरात आलं. थंडीत पाणी अगदी कमी, पंधरा दिवसांतून एकदा, तेही सोडण पूर्ण वाळलं तरच. रात्री खिडकीपासून आत घ्या. फळं नारिंगी झाली की बी काढून ओल्या शेवाळावर नुसतं ठेवा, पुरू नका. मी तसंच केलं. प्लॅस्टिकच्या डब्यात चौदा बिया ठेवल्या, नऊ उगवल्या. प्रत्येक रोपाला मोहरीएवढा गड्डा आत्ताच धरला आहे.

पण आज मी ह्यासाठी बसलेली नाही.

काल वकिलांकडून माझ्या नावचं शपथपत्र टाईप होऊन आलं. सही करून द्यायचं होतं. हिंदीत, तीन पानं. त्यात एक परिच्छेद आहे, त्याचा अर्थ असा की दिनांक दहा डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी सकाळी माझ्या सुनेनं जिन्यातल्या झाडावर नेहमीप्रमाणे भरपूर पाणी मारलं, त्यामुळे फरशी ओली झाली, तीवरून तिचा पाय घसरला आणि ती सहा पायऱ्या खाली पडून तिचं मनगट मोडलं.

हे वाक्य वकिलांचं नाही. माझं आहे. बैठकीत मीच म्हणाले होते. तुझे वडील समोर बसले होते, त्यांनी मला हात जोडून विचारलं होतं, "विहीणबाई, तुम्ही घरात होतात, काय झालं ते तुम्हीच सांगा." आणि मी झाडावर ढकलून मोकळी झाले. पाणी, ओली फरशी, पाय घसरला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. तू फक्त माझ्याकडे बघितलंस.

शपथपत्र हातात घेऊन मी जिन्यात गेले. डिसेंबरच आहे. गेले दहा दिवस मी त्या झाडाला थेंब घातलेला नाही, कारण घातलं तर ते कुजेल. आणि मला आठवलं की तूही घालायची नाहीस. थंडीत तू पंधरा दिवसांनी ते उचलून मोरीत न्यायचीस, तिथे पाणी द्यायचीस, निथळवायचीस आणि मग परत आणायचीस. फरशी ओली व्हायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी ती कोरडी होती. मी त्याच फरशीवरून धावत खाली आले होते तुझ्याकडे, माझे पाय कोरडे होते.

हे मला आज कळलं असं मी म्हणणार नाही. मी दारात उभी होते. तुम्ही दोघं जिन्याच्या वळणावर होतात. तुला इंदूरच्या कॉलेजात कायमची जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. तो म्हणत होता, तू जाणार नाहीस. तू म्हणालीस, "मी सोमवारी हजर होतेय." त्यानं तुला दोन्ही हातांनी ढकललं. मी पाहिलं.

त्याच्या आधीचंही सांगून टाकते, नाहीतर उरेल. गणपतीच्या दिवसांत तुमच्या खोलीतून चापटीचा आवाज आला होता. मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला. त्यात वाटायला काही नव्हतं. रिकामाच फिरवला.

सकाळी मी तुझ्या सासऱ्यांसमोर शपथपत्र ठेवलं आणि म्हटलं, "ह्यावर मी सही करणार नाही."

त्यांनी तिन्ही पानं वाचून काढली. मग म्हणाले, "मुलगा आहे तो."

"माहीत आहे. मीच जन्म दिला."

"त्याचं काय होईल?"

"जे व्हायचं ते होईल. पण माझ्या खोट्यावर उभं राहून होणार नाही."

"आणि आपलं?"

मी म्हटलं, "तुम्ही बरोबर आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार."

उद्या मी तुझ्या वकील प्रतिभाताईंना भेटायला जाते आहे. पत्ता तू दिलेला नाहीस, नोटिशीवर होता. जे पाहिलं ते त्यांना सांगेन. त्यांना उपयोग वाटला तर कोर्टातही सांगेन. तू नको म्हणालीस तर नाही सांगणार, तो निर्णय तुझा. पण वरुणसाठी खोटं सांगणार नाही, हा निर्णय माझा, आणि तो झालेला आहे.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

विजया


सोनागिरी, भोपाळ
२० जुलै २०२५

प्रिय अश्विनी,

गुरुवारी साक्ष झाली. तू परीक्षांमुळे येऊ शकली नाहीस असं प्रतिभाताईंनी सांगितलं. त्यांनी तुला कायदेशीर भागाचं कळवलं असेल. बाकीचं मी लिहिते.

मी ऑटोनं एकटीच निघाले होते. फाटकाशी आले तर मागून तुझे सासरे चपला घालत आले. काही बोलले नाहीत, ऑटोत सरकून बसले. कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र म्हणाले, "मी आत नाही येणार. माझ्याच्यानं ऐकवणार नाही." मी म्हटलं, इथे बाकावर बसा. बसले.

आत वरुण होता. निळा शर्ट, तू घेतलेला. त्याला वाटलं होतं मी ऐनवेळी कच खाईन. शेवटपर्यंत वाटत होतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

न्यायाधीश बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मला मुलगी असती तर. त्यांनी विचारलं, "आपने खुद देखा?"

"जी. देखा."

"कितनी दूर से?"

"दरवाज़े से. आठ-दस क़दम."

मग वरुणचे वकील उठले. त्यांनी बैठकीतलं माझं बोलणं काढलं. म्हणाले, "तब आपने कहा था कि पैर फिसला. तब झूठ बोला था या आज बोल रही हैं?"

हा प्रश्न येणार हे प्रतिभाताईंनी मला आधीच सांगितलं होतं आणि उत्तर कसं द्यायचं तेही सांगितलं होतं. मी ते विसरले. म्हटलं, "तब बोला था. बेटे को बचाने के लिए. उससे वो बचा नहीं, बिगड़ गया."

वकील म्हणाले, फरशीवर पाणी होतं की नव्हतं एवढंच सांगा. तेव्हा मी झाडाचं सांगितलं. हे कोणतं झाड, कुठे वाढतं, डिसेंबरात त्याला पाणी का चालत नाही, मी एकदा जास्त पाणी घालून ते कसं कुजवलं, पाव गड्डा कसा कापावा लागला. वकील मधे बोलायला गेले तर न्यायाधीश बाई म्हणाल्या, "बोलने दीजिए." मी सगळं सांगितलं. माझा आवाज कापला नाही. मला वाटलं होतं कापेल.

बाहेर आले तर वरुण माझ्या वाटेत उभा. डोळे लाल. इतक्या लोकांत, तुझ्या सासऱ्यांसमोर म्हणाला, "झालं समाधान? आता तुझा मुलगा कोण?"

मी म्हटलं, "तूच. म्हणून तर आले."

तो तसाच जिना उतरून गेला. त्या रात्री घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन कपडे घेऊन गेला. करोंदला मंडीजवळ खोली घेतली आहे म्हणे. तुझे सासरे दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. पण काल सकाळी परातीतली खडी धुऊन, पाणी बदलून त्यांनीच ठेवली.

माझे डोळे कोरडे आहेत असं समजू नकोस. पण परत बोलावलं तर परत जाईन आणि परत तेच सांगेन.

विजया


सोनागिरी, भोपाळ
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अश्विनी,

साक्षीनंतर वरुणच्या वकिलांनीच त्याला समजावलं की आता लढण्यात अर्थ नाही. त्यानं परस्पर संमतीच्या अर्जावर सही केली आणि तू मोकळी झालीस, हे सगळं तुला माहीतच आहे. निकालाची प्रत आमच्याकडेही आली. तुझ्या नावापुढे आता तुझं माहेरचं आडनाव आहे. वाचायला चांगलं वाटलं. खरंच.

वरुण दिवाळीनंतर एकदा आला. चार महिन्यांनी. मी वाढलं, तो जेवला. ताट तसंच ठेवून म्हणाला, "मी तिला ढकललं होतं, आई." मी पाहिलं होतं, कोर्टात सांगितलं होतं, कागदावर लिहिलं गेलं होतं, तरी त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच आलं. मग रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. अवघड गेलं, पण नाही ठेवला. म्हटलं, "हे मला सांगून भागणार नाही. जे डॉक्टर अशा रागावर उपचार करतात त्यांच्याकडे जा, आणि मला सांगण्यासाठी जाऊ नकोस." तो दोनदा जाऊन आला, असं तुझे सासरे म्हणाले. पुढे जाईल की नाही माहीत नाही.

हे मी तू त्याला माफ करावंस म्हणून लिहीत नाही. त्याच्याविषयीची ही शेवटची ओळ. यापुढे माझ्या पत्रात त्याचं नाव येणार नाही.

आता झाड. त्याला चौतीस पानं आहेत आणि गड्डा एवढा झाला आहे की माझ्या दोन्ही हातांच्या ओंजळीत मावत नाही. नऊ रोपांतली सात जगली. मुंग्या उन्हाळ्यात एकदा गेल्या होत्या, पावसाळ्यात दुसऱ्या आल्या. झाड तुझं आहे, ते तुझ्याकडे असायला हवं. तू घ्यायला येतेस का, असं विचारायचं मनात होतं, पण तुला ह्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायला लावणार नाही.

म्हणून मी येते. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, सकाळची सातची इंदूर बस. थंडीत रात्रीचा प्रवास त्याला सोसणार नाही, म्हणून दिवसाचीच घेतली. दोन जागा काढल्या आहेत. दुसरी तुझ्या सासऱ्यांची. ते म्हणाले, एवढं वजन तू कशी धरशील. रोपं बुटाच्या खोक्यात बसवली आहेत. सहाच आणते. एक ठेवून घेऊ का? नको म्हणालीस तर सातवंही आणीन.

अकराच्या सुमाराला तुझ्या इमारतीखाली असू, पत्ता निकालाच्या प्रतीवर मिळाला. खाली आलीस तर झाड तुझ्या हातात देईन आणि दोन गोष्टी सांगेन, कापलेल्या बाजूला उजेड जास्त लागतो, वगैरे. नाही आलीस तर चौकीदाराकडे ठेवीन, चिठ्ठी लावून, आणि आम्ही दुपारच्या बसनं परत फिरू. तसं झालं तर मनात काही धरू नकोस. आम्ही झाड पोहोचवायला आलेलो असू, आणि ते पोहोचलेलं असेल.

विजया